पन्नाशीचा चेहरा आणि लेझर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

"मॅडम, लेझर केवढ्याला पडतं?" स्किन क्लिनिकचा फोन उचलला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच. मी डॉक्टर नाही. केबिनबाहेर बसून पेशंटला उपचार समजावून सांगायचा, संमतीपत्र वाचून दाखवायचं, नंतर फोन करून "आता कसं आहे?" विचारायचं, हे माझं काम. या प्रश्नाला मी लगेच आकडा सांगत नाही, कारण लेझर नावाची एकच वस्तू नसते. कोणी डागांसाठी विचारत असतं, कोणी सुरकुत्यांसाठी, कोणी लोंबायला लागलेल्या गालांसाठी. तिघांची मशीन वेगळी, खर्च वेगळा आणि धोकेही वेगळे. म्हणून भावाचा विषय थोडा बाजूला ठेवू आणि पहिल्यापासून सुरुवात करू.

पहिलं काम घरी: तक्रार एका वाक्यात लिहा

सकाळी तोंड धुऊन, काही न लावता, खिडकीच्या उजेडात आरशासमोर उभे राहा. बाथरूमच्या दिव्याखाली नको, तिथे सगळ्यांचाच चेहरा दमलेला दिसतो. नेमकं काय खुपतंय ते कागदावर लिहा. "चेहरा म्हातारा दिसतो" असं लिहून चालणार नाही. गालावर तपकिरी पट्टे आहेत, की रंध्रं मोठी झालीत? न हसतासुद्धा डोळ्यांच्या कडेला रेषा दिसतात, की फक्त हसताना? जबड्याची कडा पुसट झाली आहे का? या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

गोऱ्या कातडीच्या लोकांच्या चेहऱ्यावर वय आधी सुरकुत्यांतून दिसतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत ते बऱ्याचदा आधी रंगातून दिसतं: वांग, डोळ्यांखालचा काळेपणा, ओठांभोवतीची सावली, गालावर आणि मानेवर बारीक काळे मस. हे मस म्हणजे ज्याला डॉक्टर ‘डीपीएन’ लिहितात तेच. घरात आईला असतील तर तुम्हालाही येण्याची शक्यता बरीच. ते काढायला महागडं लेझर लागत नाही. बहुतेक डॉक्टर नंबिंग क्रीम (त्वचा बधीर करणारं) लावून रेडिओफ्रीक्वेन्सीच्या, म्हणजे विजेच्या उष्णतेच्या, बारीक सुईने एका बैठकीत ते काढतात. मस गेले की चेहरा एवढा स्वच्छ दिसतो की काही जण पुढचं काही करतच नाहीत, आणि मला वाटतं बरोबरच करतात.

मात्र एखादा तीळ अलीकडे मोठा होत असेल, कडा वेड्यावाकड्या होत असतील, त्यातून रक्त येत असेल, तर तो आधी तपासून घ्यायचा. निदान न करता कुठल्याही काळ्या डागावर लेझर मारू द्यायचं नाही.

दुसरी एक गोष्ट हमखास सुटते. कपाळाच्या कडा, कानशिलं आणि मानेची मागची बाजू काळवंडून जाड, मखमलीसारखी झाली असेल, तर ते टॅनिंग नसू शकतं. शरीरात इन्शुलिनचं काम नीट होत नसलं की त्वचा अशी होते. तिथे आधी साखर तपासायची आणि वजन बघायचं. मूळ कारण तसंच ठेवून मशीन फिरवत राहिलं तर काळेपणा परत येतो आणि पैसे मात्र जातात.

मशीन काय करतं, तेवढ्यापुरतं

सगळ्यांचं तत्त्व एकच: त्वचेत नेमक्या जागी उष्णता पोचवायची आणि आजूबाजूला शक्य तेवढं वाचवायचं. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी हे सूत्र मांडलं. प्रकाशाची तरंगलांबी आणि तो किती वेळ पडतो हे नीट निवडलं, तर फक्त हवं तेच लक्ष्य तापतं. हे लक्ष्य कधी मेलॅनिन म्हणजे त्वचेचा रंग असतो, कधी रक्तातलं हिमोग्लोबिन, तर कधी पेशींतलं पाणी.

पाण्याला धरणारी मशीन म्हणजे सीओटू आणि अर्बियम याग. वयाच्या खुणांसाठी सर्वांत जोरकस ही दोनच. सीओटूची गोष्ट आपल्या जवळची आहे. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत, बेल लॅब्समध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केलं. त्वचेचा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात नसणार. पण १०,६०० नॅनोमीटरचा हा किरण पाणी चटकन शोषून घेतं आणि त्वचा बरीचशी पाण्याचीच, त्यामुळे पुढे तो त्वचारोगतज्ज्ञांच्या हातात आला. अर्बियमचा किरण २,९४० नॅनोमीटरचा. पाणी तो त्याहूनही जास्त शोषतं, म्हणून तो वरचा थर अगदी पातळ सोलतो आणि खाली उष्णता कमी सोडतो.

जुन्या पद्धतीत अख्खा थर सोलून काढत. आपल्या त्वचेला ते झेपायचं नाही, महिनोन् महिने काळेपणा राहायचा. २००४ मध्ये फ्रॅक्शनल पद्धत मांडली गेली आणि चित्र पालटलं. थालीपिठाला बोटाने भोकं पाडतो तसे किरणाचे बारीक बारीक ठिपके त्वचेत सोडायचे आणि मधली त्वचा तशीच शाबूत ठेवायची. ही शाबूत त्वचा जखमा भरून काढते, भरताना नवं कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार होतं, आणि पुढच्या तीन ते सहा महिन्यांत पोत सुधारत जातो. आज कोणी "सीओटू करू" म्हणालं तर बहुधा फ्रॅक्शनलच अभिप्रेत असतं, तरीही विचारून खात्री करून घ्या.

त्वचा न सोलता आतच उष्णता देणारी १,५४० ते १,५५० नॅनोमीटरची लेझर सौम्य असतात. घरी बसावं लागत नाही, पण फरकही हळू पडतो आणि बैठका जास्त लागतात. डागांसाठी क्यू-स्विच्ड एनडी याग नावाचं लेझर वापरतात. ‘लेझर टोनिंग’, ‘कार्बन पील’, ‘हॉलीवूड फेशियल’ या नावांमागे बहुधा हेच मशीन असतं. लग्नाआधी चेहरा उजळ दिसावा म्हणून लोक ते करतात, तात्पुरता तजेला येतोही. सुरकुत्या मात्र त्याने भरत नाहीत. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) हे लेझर नव्हेच. तो अनेक तरंगलांबींच्या प्रकाशाचा एकत्र झोत असतो आणि मेलॅनिन त्याला पटकन ओढून घेतं. सावळ्या त्वचेवर अननुभवी हाताने आयपीएल केलं की चट्टे उठतात, तेही आयताकृती, मशीनच्या डोक्याच्या मापाचे. मी असे गाल पाहिले आहेत.

रेडिओफ्रीक्वेन्सी म्हणजे विजेची उष्णता. तिला त्वचेच्या रंगाशी देणंघेणं नाही, म्हणून आपल्यासाठी ती तुलनेने सुरक्षित. ती बारीक सुयांमधून खोल सोडली की तिला मायक्रोनीडलिंग आरएफ म्हणतात. बारीक रेषा, रंध्रं, मुरमांचे खड्डे, थोडी सैल त्वचा यांसाठी ते चांगलं आहे. पण ‘सुरक्षित’ याचा अर्थ कोणीही करावं असा नाही. भाजणं, व्रण, चेहऱ्यावरची चरबी विरून खड्डे पडणं आणि मज्जातंतूंना इजा अशा तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०२५ मध्ये याच मशीनबद्दल सावधगिरीची सूचना काढली.

हायफू म्हणजे एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनिलहरी. त्या साधारण १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर खोलीवर उष्णतेचे ठिपके सोडतात आणि वरची त्वचा जशीच्या तशी राहते. जबड्याची कडा नुकती ढिली पडू लागली असेल तर दोन-तीन महिन्यांनी थोडी आवळलेली दिसते. कातडी खूपच लोंबत असेल तर हायफूने काही होत नाही. तिथे शस्त्रक्रिया हाच मार्ग असतो, आणि हे स्पष्ट सांगणारा डॉक्टर चांगला समजा. गाल मुळातच बारीक असेल तर हायफू विचारपूर्वक करायचं, उरलीसुरली चरबीही कमी होऊन चेहरा ओढलेला दिसू शकतो.

आणि कपाळ आक्रसल्यावरच पडणाऱ्या आठ्या? त्या स्नायूंच्या आहेत. त्यांच्यासाठी स्नायू ढिला करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन असतं, लेझर नव्हे. गाल बसले असतील तर प्रश्न आतल्या भरावाचा आहे. तिथेही लेझरचा उपयोग नाही.

आपल्या रंगाचा हिशेब

हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेची वर्गवारी केली. उन्हात ती किती भाजते आणि किती काळवंडते यावरून. पुढे तिच्यात सहा प्रकार झाले, पहिला सर्वांत गोरा, सहावा सर्वांत काळा. आपण भारतीय बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात. याचा व्यवहारातला अर्थ असा की आपल्याला त्वचेचा कर्करोग आणि सुरकुत्या तुलनेने कमी आणि उशिरा, पण त्वचेला कुठेही दुखापत झाली की काळा डाग ठेवून जाणार. डास चावला तरी महिनाभर डाग राहतो, मग किरणाचं काय! लेझरनंतरचा हा काळेपणा साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो, म्हणजे नेमका "वा, छान बरं झालं" असं वाटत असताना.

म्हणून आपल्याकडे जाणकार डॉक्टर ऊर्जा कमी ठेवतात, ठिपके विरळ ठेवतात आणि एकदम एका मोठ्या बैठकीऐवजी चार-सहा आठवड्यांच्या अंतराने तीन-चार छोट्या बैठका घेतात. परदेशातल्या व्हिडिओत एका बैठकीत सगळी कातडी सोललेली दाखवतात, ते पाहून "मलाही तसंच करा" म्हणू नका.

वांग असेल तर आणखी सांभाळून. वांगाला उष्णता सोसत नाही. पहिला उपचार सनस्क्रीन आणि क्रीमचाच. लेझर हा फार पुढचा आणि जपून करायचा भाग आहे. आठवड्या-आठवड्याला टोनिंग करत राहिल्याने मधूनमधून पांढरे ठिपके पडलेले चेहरेही असतात, आणि ते ठिपके काळ्या डागांपेक्षा जास्त चिवट.

मशीनच्या आधी तीन महिने

हा टप्पा कोणालाच आवडत नाही, कारण यात काही ‘घडत’ नाही. पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. रोज सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं, यूव्हीए-यूव्हीबी हे उन्हातले दोन्ही अतिनील किरण अडवणारं सनस्क्रीन लावायचं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढायची. एवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला. लोक वाटाण्याएवढं घेतात आणि मग "सनस्क्रीनचा काही उपयोग नाही" म्हणतात. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. घरात खिडकीजवळ बसत असाल तरी लावायचं, कारण यूव्हीए काचेतून आत येतं. वांग असलेल्यांनी रंगछटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्यावं. दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो, आणि हा प्रकाश साध्या सनस्क्रीनने फारसा अडत नाही.

रात्री डॉक्टरांना विचारून रेटिनॉइड, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. ट्रेटिनॉइनचं ०.०२५ टक्क्याचं क्रीम, आठवड्यातून दोनदा, हरभऱ्याएवढं, वर मॉइश्चरायझर. सुरुवातीला कातडी सोलते, थोडी चरचरते, मग सरावते. गर्भारपणात किंवा त्याचं नियोजन चालू असताना मात्र अजिबात नाही.

तीन महिन्यांनी आधी लिहिलेला तो कागद काढून बघा. काही ओळी खोडता येतात. उरलेल्या ओळी घेऊन डॉक्टरकडे जा.

कोणाकडे जायचं

पाटीवर ‘स्किन अँड लेझर’ आहे म्हणून आत बसलेला माणूस त्वचारोगतज्ज्ञ असतोच असं नाही. एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, डीव्हीडी ही त्वचारोगातली पदवी-पदविका बघा, किंवा प्लास्टिक सर्जनची एमसीएच. ‘कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स’ ही या तोडीची गोष्ट नाही. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव टाकून तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. लाज वाटू देऊ नका, रिक्षात बसतानाही आपण मीटर बघतोच.

पहिल्या भेटीत हे चार प्रश्न विचारा. मशीनचं नाव काय आणि ते माझ्या कोणत्या तक्रारीसाठी? हात कोणाचा असेल, डॉक्टरांचा की सहायकाचा? माझ्यासारख्या रंगाच्या पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवाल का, तेही इथलेच, कंपनीच्या माहितीपत्रकातले नाहीत? आणि काळेपणा आला तर पुढे काय कराल? चौथ्या प्रश्नाला "असं होतच नाही" हे उत्तर मिळालं तर चप्पल घालून निघा. होऊ शकतं, आणि ज्याने बरेच पेशंट केलेत त्याच्याकडे झालेलं असतंच.

पार्लरमध्ये फेशियल करा, भुवया करा. किरण आणि सुया नकोत.

डॉक्टरांपासून काय लपवायचं नाही

इथे आमच्या बायका गोड हसून गप्प बसतात. "काही लावत नाही हो चेहऱ्याला." मग पर्समधून मेडिकलवाल्याने दिलेली एक ट्यूब निघते, वर्षानुवर्षं वापरलेली. तिच्यात स्टेरॉइड, रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनचं मिश्रण. ‘गोरं होण्याचं क्रीम’ म्हणून सर्रास खपतं ते. त्याने त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, बंद केलं की आग होते. अशा त्वचेवर लेझर म्हणजे आगीत तेल. त्या ट्यूबचं नाव सांगा, नाही तर ट्यूबच घेऊन या. आधी ती सोडवायची, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मग पुढचं.

याशिवाय सांगायच्या गोष्टी: मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत किंवा नुकत्याच बंद केल्यात का, ओठांवर ‘जर’, म्हणजे हर्पीसच्या पुळ्या, उठतो का, कारण किरणानंतर हर्पीस अख्ख्या चेहऱ्यावर पसरू शकतो आणि डॉक्टर आधीच विषाणूविरोधी गोळ्या सुरू करतात, कान टोचल्यावर किंवा ऑपरेशनच्या टाक्यांवर गाठ उठली होती का, म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती, रक्त पातळ करायच्या गोळ्या, मधुमेह, पेसमेकर, कारण त्यात रेडिओफ्रीक्वेन्सी चालत नाही, गर्भारपण. भुवया किंवा ओठ कायमच्या मेकअपने रंगवून घेतले असतील तर तेही. त्या रंगातलं लोह लेझरने एकदम काळं पडू शकतं आणि मग काढणं अवघड.

पुरुषांसाठी एक वेगळी सूचना: दाढीच्या भागावर आयपीएल किंवा १,०६४ नॅनोमीटरचं लेझर फिरलं तर दाढी ठिकठिकाणी विरळ होऊ शकते. दाढी राखायची असेल तर आधीच बोला.

टेस्ट पॅच

जोरकस लेझर असेल तर पूर्ण चेहऱ्याआधी कानाच्या पुढे किंवा जबड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर करून बघा आणि चार आठवडे थांबा. डॉक्टर म्हणाले "गरज नाही", तरी आग्रह धरा. वर सांगितलेला काळेपणा उशिरा येतो, म्हणून दोन दिवसांनी बघून "ठीक आहे" म्हणण्यात अर्थ नाही. यासाठी जास्तीची एक फेरी पडते, पडू द्या.

महिना कुठला निवडायचा

फ्रॅक्शनल सीओटू नोव्हेंबर ते जानेवारीच्या आसपास करावं. मार्चपासून ऊन तापतं, एप्रिल-मेमध्ये तर विचारही नको. पावसाळ्यात ढग असले तरी यूव्ही येतंच, पण ऊन-घाम कमी, त्यामुळे सौम्य उपचार चालून जातात. खरी अडचण आपल्या पंचांगाची. गणपतीत मिरवणूक, दिवाळीत फराळाच्या कढईसमोर चार दिवस, मग लग्नसराई. घरातल्या लग्नाआधी निदान दोन-तीन महिने मोकळे हवेत, आणि हळदीच्या दिवशी ताज्या लेझरवर हळद तर मुळीच नको. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय आणि आई "मला पण काहीतरी करा" म्हणून येते तेव्हा आमच्या डॉक्टर एकच सल्ला देतात: चांगलं मॉइश्चरायझर लावा आणि झोप काढा.

गोव्याला किंवा कोकणात समुद्रावर जायचं ठरलं असेल तर ती सहल आधी उरकून या. काळवंडलेल्या त्वचेवर लेझर करत नाहीत, रंग उतरेपर्यंत थांबावंच लागतं.

प्रत्यक्ष बैठक

रेटिनॉइड पाच-सात दिवस आधी बंद. त्या दिवशी मेकअप नाही, दागिने नाहीत. रेडिओफ्रीक्वेन्सी असेल तर धातू काढावाच लागतो, आणि इथे नेहमी अडतं ते चमकीपाशी. पंचवीस वर्षं नाकातून न निघालेली चमकी ऐन वेळी निघत नाही, आणि मावशींचा जीवही होत नाही. मागच्या फिरकीचा मळ साबणाने आदल्या रात्री सोडवा, किंवा सोनाराकडून सैल करून घेऊन या. मंगळसूत्र घरीच ठेवा.

क्लिनिकमध्ये चेहरा धुऊन ‘आधी’चे फोटो काढतात. ते नक्की काढायला लावा, एक प्रत स्वतःच्या फोनवरही घ्या. नंतर नंबिंग क्रीम जाड थरात, वर प्लास्टिक, पाऊण ते एक तास. हे क्रीम घरून लावून येऊ नका. मोठ्या भागावर जास्त वेळ राहिलं तर औषध रक्तात उतरून त्रास होऊ शकतो.

मायक्रोनीडलिंग आरएफ असेल तर सुयांची टिप सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडली पाहिजे. ती एकाच माणसासाठी असते. "आतूनच लावून आणली" हे मान्य करू नका.

डोळ्यांवर संरक्षक झाकण चढतं. पापण्यांच्या अगदी जवळ किरण जाणार असेल तर डोळ्याच्या आत धातूचं कवच बसवतात, थेंब घालून, दुखत नाही. सीओटू सुरू झालं की टकटक आवाज, प्रत्येक टकेला गरम टोचणी, आणि केस जळल्यासारखा वास. तो वास ओळखीचा असल्यामुळे लोक दचकतात. तो त्वचेच्या वरच्या थराचा असतो आणि धूर ओढून घेणारी नळी शेजारी चालू असते. वरच्या ओठावर आणि कपाळाच्या कडेला जास्त लागतं. हायफूमध्ये जळण नसतं, पण जबड्याच्या हाडावर आतून झिणझिणतं. काही जणांच्या डोळ्यांत पाणी येतं. असह्य झालं तर थांबवा म्हणा. खूप जास्त दुखणं ही माहितीच असते आणि डॉक्टरांना ती हवी असते.

पुढचे आठ दिवस

फ्रॅक्शनल सीओटूनंतर पहिले काही तास उन्हात भाजल्यासारखी आग. कपड्यात गुंडाळलेला थंड पॅक, बर्फ थेट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे सुजलेले. दोन उशा घेऊन झोपलात तर कमी सुजतात. मग जाळीदार बारीक तपकिरी ठिपके दिसतात आणि गालावरून बोट फिरवलं तर पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं लागतं. पाच ते आठ दिवसांत हे सगळं आपोआप गळतं. नखाने काढलेली एक खपली म्हणजे एक डाग, हे लक्षात ठेवा.

या दिवसांत काम एवढंच: साध्या पाण्याने किंवा डॉक्टरांनी दिलेल्या सौम्य क्लिन्झरने धुणं, टिपून कोरडं करणं, पेट्रोलियम जेली किंवा सांगितलेलं मलम लावून ठेवणं. खपल्या गळल्या की सनस्क्रीन लगेच सुरू, आणि तोवर घरातच. बेसन, लिंबू, कुंडीतली कोरफड, चंदन, आजीचा लेप, सगळं बंद. टिकलीही काही दिवस नको. तिच्या गोंदाने नाहीतरी काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, उघड्या त्वचेवर तर नकोच. गॅससमोर उभं राहून भजी-पुऱ्या तळणं बंद, जिम बंद, वाफ घेणं बंद. पुण्यातल्या स्कूटरवाल्या मैत्रिणींचा स्कार्फ ऊन अडवतो हे खरं, पण त्याची घासाघीस ताज्या त्वचेला सोसत नाही. आठवडाभर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

मायक्रोनीडलिंग आरएफनंतर लाली एक-दोन दिवस. हायफूनंतर बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त जबडा दाबला की दुखतो. टोनिंगनंतर संध्याकाळी कामावरही जाता येतं.

पैशाचं बोलणं

"आज सहा बैठकींचं पॅकेज घेतलं तर दोन फुकट" हे ऐकलं की पाकीट खिशातच ठेवा. पहिली बैठक पॅकेजशिवाय, एकटीच घ्या, सहा आठवडे त्वचेचं वागणं पाहा, मग पुढचं. दर विचारताना नंबिंग, टिप, नंतरची मलमं आणि जीएसटी धरून की सोडून, हे विचारा. आरोग्य विम्यात सौंदर्योपचार येत नाहीत. आणि हे कायमचं नसतं: वय थांबत नाही, हायफूचा परिणाम साधारण वर्षभर टिकतो, आणि सनस्क्रीन सोडलं तर डाग त्याआधीच परततात.

घरी वापरायची एलईडीची मुखवटे-मशीन आणि छोटी आरएफ यंत्रं? ऊर्जा फार कमी, फायदा थोडा, बहुधा नुकसान नाही. मात्र घरगुती आयपीएल घेण्याआधी खोक्यावरचा त्वचेच्या रंगांचा तक्ता बघा, गडद रंगांसमोर बऱ्याचदा फुली असते.

काही बिघडलं तर

दोन दिवसांनी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू किंवा मधासारखी पिवळी खपली दिसली, ताप आला, फोड उठले, ओठांजवळ पुंजक्याने पुळ्या आल्या, तर क्लिनिकला फोन करून त्याच दिवशी दाखवा. डोळा दुखला किंवा धूसर दिसलं तर थेट नेत्रतज्ज्ञ. हायफू किंवा आरएफनंतर हसताना ओठ एका बाजूला ओढला जात असेल तर मज्जातंतू दुखावलेला असू शकतो. बऱ्याचदा तो काही आठवड्यांत सावरतो, पण डॉक्टरांनी बघायला हवं.

तीन आठवड्यांनी काळेपणा दिसू लागला तर घाबरून स्वतःच्या मनाने ब्लीच किंवा ती जुनी ट्यूब लावू नका. त्यावर औषधं आहेत, काही महिन्यांत बहुतेक वेळा तो उतरतो, फक्त लवकर सुरुवात हवी आणि ऊन टाळायला हवं. दर आठवड्याला त्याच खिडकीत, त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा.

क्लिनिक फोन उचलेनासं झालं तर? आपले उपचाराचे कागद मागण्याचा पेशंटला हक्क आहे. लेखी मागणी केली की डॉक्टरांनी ७२ तासांत ते द्यायचे असा नियम आहे. त्यात मशीन, सेटिंग आणि तारीख असते, आणि दुसऱ्या डॉक्टरांना पुढचा उपचार ठरवायला तेच लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षांची. म्हणून पक्की पावती, संमतीपत्राची प्रत आणि ते ‘आधी’चे फोटो एका पाकिटात घालून कपाटात ठेवा. पावती नको म्हटलं तर दर कमी करतो असं कोणी म्हणालं, तर तिथे बैठक करूच नका.